मागणें लहान, दुःख मोठें

नाशिकचे वि. वा. शिरवाडकर यांचें ‘नटसम्राट’ हें नाटक १९७० सालीं रंगभूमीवर आलें. एके काळीं रंगभूमी गाजविलेले गणपतराव बेलवलकर त्यांत अखेरीस मागतात काय, तर डोक्यावर छप्पर! मागणें इतकें लहान असल्यामुळेंच तें नाकारलें जातांना प्रेक्षकाच्या काळजांत कळ उठते.

भविष्यकालाचें भेसूर चित्र काढणाऱ्या कांहीं कादंबऱ्याहि याच वाटेनें वाचकाच्या अंतःकरणाला हात घालतात. काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५) या कादंबरींत चाबूक नाहीं, आरडाओरडा नाहीं. इतरांस अवयव देण्यासाठींच वाढविलेलीं मुलें तेथें शाळेंत शिकतात, भांडतात, प्रेम करतात. बंड मात्र कोणी करीत नाहीं. मोठेपणीं कॅथी व टॉमी यांना एकमेकांच्या सहवासासाठीं हवी असते फक्त कांहीं वर्षांची मुदत. तीहि मिळत नाहीं.

वाचक मनांतल्या मनांत ओरडतो, “पळा!” परंतु पुस्तक मिटल्यावर तीच हांक त्याच्याकडे परत येते. जगरहाटी म्हणून त्यानेंहि कितीएक गोष्टी मुकाट्यानें सोसलेल्या असतात. कॅथीचें दुःख त्याला परकें वाटत नाहीं, तें त्यामुळेंच.