कॅराव्हॅनमधील बॅटरी चार्जिंग यंत्रणेची तपासणी

निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या प्रवासी वाहनास कॅराव्हॅन म्हणतात. स्वतःचे इंजिन असलेल्या कॅराव्हॅनमध्ये सहसा दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करते. दुसरी, म्हणजे घरगुती बॅटरी, दिवे, पंखा, पाण्याचा पंप व फ्रिज यांना वीज पुरवते. या बॅटऱ्यांपर्यंत वीज खरोखर पोहोचते आहे की नाही, हे मोजमापाने पडताळणे म्हणजे चार्जिंग यंत्रणेची तपासणी होय. दिवे लागणे हा चार्जिंग चालू असल्याचा पुरावा नव्हे. आधी साठवलेल्या विजेवरही ते तासन्‌तास चालतात. खरा पुरावा म्हणजे स्रोत चालू केल्यावर बॅटरीच्या अग्रांवरील विद्युतदाबात होणारी वाढ.

महाराष्ट्रातील महत्त्व

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. मुळशी तालुक्यातील सूस हे गाव त्याच वर्षी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. या परिसरातून कोकणात जाण्याचा एक मार्ग ताम्हिणी घाटातून आहे. पावसाळ्यात घाटात ढग व धुके दाटल्याने सौर पॅनेलपासून फारच थोडी वीज मिळते. त्याच वेळी हेडलाइट, वायपर व ब्लोअर सतत चालू असतात. अशा वेळी अल्टरनेटर निकामी असेल, तर वाहन काही काळ केवळ बॅटरीवर चालते. मग दिवे मंदावतात आणि अखेर इंजिनही बंद पडू शकते. त्यामुळे ही तपासणी निघण्यापूर्वीच करणे हितावह ठरते.

चार्जिंगचे स्रोत

घरगुती बॅटरी प्रामुख्याने तीन मार्गांनी चार्ज होते.

१. अल्टरनेटर : हा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन चालू असताना रिले किंवा डीसी-डीसी चार्जर दुसऱ्या बॅटरीला त्याच्याशी जोडतो.
२. बाहेरील वीजजोडणी : मुक्कामी मिळणारा २३० व्होल्टचा पुरवठा चार्जरमार्फत बॅटरीस योग्य अशा दाबात बदलला जातो.
३. सौर पॅनेल : छतावरील पॅनेलची वीज नियंत्रकामार्फत बॅटरीत जाते.

तपासणीची पद्धत

तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी व्होल्टवर ठेवून त्याची लाल तार बॅटरीच्या धन अग्राला व काळी तार ऋण अग्राला लावतात.

प्रथम सर्व उपकरणे व चार्जिंगचे स्रोत बंद करून बॅटरीस काही तास विश्रांती देतात व मग दाब मोजतात. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज असल्यास तो सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट, तर अर्धी असल्यास सुमारे १२.२ व्होल्ट भरतो. त्यानंतर एका वेळी एकच स्रोत चालू करून पुन्हा मोजमाप घेतात. तिन्ही स्रोत एकदम चालू ठेवल्यास कोणता बंद आहे हे कळत नाही. दोन्ही बॅटऱ्यांचे मोजमाप स्वतंत्रपणे घ्यावे लागते. सौर पॅनेलची तपासणी भर उन्हात करतात. इमारतीच्या तळघरात उभ्या असलेल्या वाहनावर ती निरर्थक ठरते.

मोजमापांचा अर्थ

इंजिन चालू असताना दाब साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट असल्यास अल्टरनेटर काम करत आहे असे मानतात. दाब विश्रांतीच्या पातळीवरच राहिला, तर पट्टा, फ्यूज, जोडण्या व अल्टरनेटर या क्रमाने शोध घेतात. इंजिनाच्या बॅटरीचा दाब वाढतो, पण घरगुती बॅटरीचा वाढत नाही, असे आढळल्यास दोष बहुधा रिले, डीसी-डीसी चार्जर किंवा मधल्या फ्यूजमध्ये असतो. दाब सतत १५ व्होल्टच्या वर राहणे हे नियामक बिघडल्याचे लक्षण आहे. त्यामुळे बॅटरी तापते व तिच्यातील पाणी झपाट्याने आटते.

दाब वाढला म्हणजे बॅटरी निर्दोष आहे असे मात्र नव्हे. रात्रभर चार्ज करूनही ती थोड्याशा वापराने उतरत असेल, तर दोष चार्जिंगचा नसून बॅटरीच्या घटलेल्या क्षमतेचा असतो.

अपवाद

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा दाब वापराच्या मोठ्या टप्प्यात जवळपास स्थिर राहतो. त्यामुळे ती किती भरली आहे याचा अंदाज केवळ व्होल्टवरून येत नाही. त्यासाठी आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजणारा मॉनिटर लागतो. काही नव्या वाहनांत संगणक-नियंत्रित अल्टरनेटर इंधनबचतीसाठी दाब मुद्दाम कमी करतो. तेथे एकाच मोजमापावरून निष्कर्ष काढू नये.

सुरक्षितता

शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरीचा कप्पा उघडा व हवेशीर ठेवतात आणि जवळ काडी पेटवत नाहीत. अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवतात, कारण धातूने दोन्ही अग्रे जोडली गेल्यास गंभीर भाजते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार सोडवून अल्टरनेटर पारखण्याची जुनी रीत आता टाळतात. तिच्यामुळे दाब क्षणात उसळून वाहनातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा निकामी होऊ शकते. २३० व्होल्टच्या जोडणीची तपासणी जाणकार वीजतंत्रज्ञाकडूनच करून घेणे योग्य होय.