नोंद एक, हात अनेक

२१ मार्च १९८६. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, टायलर येथील कर्करोग रुग्णालयात एक रुग्ण नवव्यांदा किरणोपचार घेत होता. पाठीवर १८० रॅड एवढीच मात्रा द्यायची होती. मशीन सुरू होताच त्याला विजेचा झटका बसल्यासारखे झाले. बाहेर पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले आणि मात्रा कमी पडल्याचे दिसले. तंत्रज्ञ महिलेने पुन्हा कळ दाबली. रुग्ण उठू पाहत असतानाच दुसरा झोत बसला. प्रत्यक्षात त्याला १६,५०० ते २५,००० रॅड मिळाले असावेत, असा अंदाज पुढे निघाला. पाच महिन्यांनी तो दगावला.

‘थेरॅक-२५’ या मशीनचे असे सहा अपघात जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात झाले. एक मोठे कारण सॉफ्टवेअरमध्ये होते.

प्रोग्राममध्ये माहिती जिथे ठेवतात त्या जागेला व्हेरिएबल, म्हणजे चल म्हणतात. तो चल प्रोग्रामच्या कोणकोणत्या भागांना दिसतो, ही त्याची व्याप्ती. वॉर्डातले उदाहरण घेऊ. सिस्टरच्या खिशातल्या वहीत फक्त तीच लिहिते. भिंतीवरच्या फळ्यावर कोणीही लिहितो, कोणीही पुसतो. वही म्हणजे स्थानिक चल, फळा म्हणजे सामाईक चल.

दुसरी गोष्ट रेफरन्सची. केसपेपरची झेरॉक्स काढून त्यावर खाडाखोड केली, तर मूळ कागद तसाच राहतो. पण ‘केसपेपर अमुक कपाटात आहे’ एवढी चिठ्ठी दोघांना दिली, तर दोघेही एकाच कागदावर लिहितात. पायथनसारख्या भाषेत यादीला दुसरे नाव देणे म्हणजे अशी चिठ्ठी देणे. ‘कालची औषधे’ या यादीलाच ‘आजची औषधे’ हे नाव देऊन त्यात एक औषध वाढवले, की ते कालच्या यादीतही दिसू लागते. वेगळी प्रत हवी असेल, तर तसे स्पष्ट सांगावे लागते.

थेरॅकमध्ये एकाच वेळी चालणारे अनेक भाग एकच ‘फळा’ वापरत होते. तंत्रज्ञाने आधी चुकून क्ष-किरणांचा पर्याय भरला, मग झटकन दुरुस्त करून इलेक्ट्रॉनचा. मशीनमधील चुंबके जुळायला सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्या वेळात झालेली दुरुस्ती एका भागाच्या लक्षातच आली नाही. त्याने झोताची तीव्रता जुन्या नोंदीप्रमाणे ठेवली, दुसऱ्या भागाने फिरती चकती नव्या नोंदीप्रमाणे वळवली. क्ष-किरण तयार करण्यासाठीचा तीव्र झोत एरवी धातूच्या तबकडीवर आदळतो. ती तबकडी आता मध्ये नव्हती.

आधीच्या ‘थेरॅक-२०’ मॉडेलमध्येही हीच चूक असल्याचे नंतर आढळले. मात्र त्यात सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेली सुरक्षा-कुलपे होती, म्हणून तिथे रुग्ण वाचले. नव्या मशीनमध्ये ती काढून भिस्त प्रोग्रामवर ठेवली होती.

त्यातून घ्यायचा धडा साधा आहे: चलाची व्याप्ती गरजेपुरती ठेवावी, सामाईक नोंद बदलली की ती सर्वांना कळावी, आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे प्रोग्रामबाहेरचे कुलूपही असावे.

आणखी एक. त्या दिवशी टायलरच्या उपचारकक्षातील कॅमेरा आणि बोलण्याची यंत्रणा, दोन्ही बंद होते. रुग्णाला काय होते आहे, हे बाहेर कळलेच नाही. किरणोपचार, स्कॅन किंवा डायलिसिस सुरू असताना भाजले, झटका बसला, काही वेगळे वाटले, तर संकोच न करता लगेच सांगावे. पडदा काहीही म्हणो, आधी मशीन थांबवायचे आणि रुग्णाला तपासायचे.