दोन वर्षांच्या पावलांनी समुद्र

व्यापारी कुटुंबातील सुटी बहुधा घाईची असते. दुकान तीन दिवस बंद ठेवायचे, तर त्या तीन दिवसांत पाच स्थळे पाहून व्हावीत, असा आपला हिशेब असतो. घरात दोन वर्षांचे मूल असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवावा. त्या वयाला स्थळे पाहायची नसतात. त्याला एकच जागा पुनःपुन्हा पाहायची असते.

गेल्या जानेवारीत मुलगी, जावई आणि नात यांच्यासमवेत आम्ही उभयता रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे तीन दिवस राहिलो. सुरूच्या बनालगत, कौलारू छपराची साधी लाकडी खोली होती. जावयांचे कापडाचे दुकान आहे. नात जागी होण्यापूर्वी ते बाहेर पडतात आणि परततात तेव्हा ती झोपलेली असते. रविवार सोडल्यास बापलेकीची भेट क्वचितच.

पहिल्या दिवशी पायाखालची ओली वाळू सरकताच नात घाबरली आणि आईला बिलगली. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी तिला बारीक खेकड्यांची बिळे दिसली. त्यांच्याभोवती वाळूच्या इवल्या गोळ्यांची नक्षी होती. ती उकिडवी बसली. जावईही शेजारी बसले. खेकडा बाहेर येई, चाहूल लागताच आत जाई. बिळात काडी घालायची नाही, एवढेच त्यांनी तिला सांगितले. शिंपले वेचतानाही आत जीव नाही ना, हे दोघे मिळून पाहत. तिसऱ्या दिवशी पाण्याकडे जाताना तिने आईचा नव्हे, वडिलांचा हात धरला.

लहान मुलासह समुद्रावर जाणाऱ्यांनी भरती-ओहोटी जाणून घेणे अगत्याचे आहे. आपल्या घरांत तिथी पाहण्याची सवय असतेच. तीच येथे उपयोगी पडते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या सायंकाळी पाणी चढत असते आणि वाळूची पट्टी अरुंद होत जाते. प्रतिपदा-द्वितीयेला मात्र दुपारी भरती येऊन गेल्याने सायंकाळी पाणी उतरत असते. बालकासाठी ही वेळ सोयीची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढते. हा केवळ ठोकताळा आहे; नेमकी वेळ आणि किनाऱ्याचा स्वभाव गावकऱ्यांना विचारावा.

मात्र पाणी उतरते असले, तरी सावधगिरी सोडू नये. एवढ्या लहान मुलाला बुडण्यास वीतभर पाणीही पुरते आणि बुडणारे मूल ओरडतेच असे नाही. चारजण सोबत असले, की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याचे लक्ष आहे. म्हणून एका वेळी एकाच मोठ्या माणसाने जबाबदारी घ्यावी, मुलाच्या हाताच्या अंतरावर राहावे आणि उठताना दुसऱ्याला तसे स्पष्ट सांगावे. त्या काळात भ्रमणध्वनी खोलीत ठेवावा.

उन्हे चढण्यापूर्वी आणि कलल्यावर किनाऱ्यावर जावे; दुपार सुरूच्या सावलीत किंवा झोपेत जावी. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपली रीत बालकाच्या झोपेच्या वेळेशी उत्तम जुळते. वरण-भात, घरचा खाकरा आणि शहाळे एवढ्यावर त्याचे छान भागते.

वाचकहो, या सुटीतले काहीही मुलाला मोठेपणी आठवणार नाही, मग खर्च कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. समुद्र कदाचित आठवणार नाही, हे खरे. परंतु सुरक्षिततेसाठी समुद्र आपल्याकडून जे अखंड लक्ष मागतो, तेच मूल वर्षभर मागत असते. दुकानात गिऱ्हाईक असते, घरी हिशेब असतो. किनाऱ्यावर दुसरीकडे पाहण्याची मुभाच नसते. त्या तीन दिवसांनंतर आमचे जावई आठवड्यातून दोन सायंकाळी दुकान मुनीमजींवर सोपवून लवकर घरी येऊ लागले आहेत. नात त्या वेळी दाराशी उभी असते.