शिक्षकांचा सायबर छळ

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे १८३१ मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांच्यावर पुण्यात शाळेच्या वाटेवर शेण-चिखल फेकणारे निदान समोर तरी दिसत. आज सातारा-सांगलीतील एखाद्या शिक्षकाचे चोरून केलेले चित्रीकरण व्हॉट्सॲपवर पसरते, किंवा त्याच्या नावाने बनावट खाते उघडले जाते, तेव्हा छळणारा बहुधा अनामिकच राहतो. डिजिटल साधनांनी वारंवार केलेल्या या मानहानीला सायबर छळ म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर आल्यापासून शाळा घरातही शिरली, त्यामुळे छळ झालेल्या शिक्षकाला घरीही विसावा मिळत नाही, झोप उडते आणि वर्गात मोकळेपणाने बोलण्याची, चुकणाऱ्या मुलाला हटकण्याचीही भीती वाटू लागते, हे नुकसान फार गंभीर आहे. बनावट खात्याच्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्यातील तोतयेगिरीविषयीचे कलम ६६ डी उपयोगी पडू शकते. मात्र मजकूर पुसला जाण्यापूर्वीच त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवून शाळेने स्वतः शिक्षकासोबत पोलिसांकडे जायला हवे.