३२ अंशांवर पाणी सोडणारा धागा

साखर गरम दुधात चटकन विरघळते, गार दुधात तळाशी बसते. हे इतकं अंगवळणी पडलंय, की ऊब मिळाली की पदार्थ विरघळायचाच, असं आपण धरूनच चालतो. पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड नावाचं पॉलिमर मात्र नेमकं उलटं वागतं. गार पाण्यात ते पार विरघळून जातं. परीक्षानळीतून पलीकडचं दिसावं इतकं नितळ. तीच नळी कोमट पाण्यात बुडवा. साधारण ३२ अंश सेल्सिअस ओलांडले, की आतलं द्रावण दुधासारखं पांढरं होतं. पुन्हा गार पाण्यात धरा, पुन्हा नितळ. अंडं एकदा उकडलं की उकडलं. इथे परतीची वाट उघडीच राहते.

या लांबलचक नावाला संशोधक ‘पीनिपॅम’ म्हणतात. टोरोंटोच्या हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ साली त्याच्या या वागण्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

असं का होतं? पीनिपॅमच्या लांब साखळीतल्या प्रत्येक कडीला दोन स्वभाव आहेत. तिचा अमाइड गट पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतो. आयसोप्रोपिल गट तेलाच्या जातीचा, पाण्याशी फटकून राहणारा. गारव्यात पाण्याचे रेणू अमाइडला धरून राहतात आणि तेलकट टोकांभोवतीही शिस्तीत कोंडाळं करून उभे राहतात. साखळी पाण्यात सैल पसरलेली असते. पण ऊब वाढली, की या शिस्तीत उभं राहणं पाण्याला परवडेनासं होतं. रेणूंची मोकळं हिंडण्याची ओढ बंधांवर मात करते, पाणी निघून जातं, उघडी पडलेली तेलकट टोकं एकमेकांना बिलगतात आणि साखळीचा गोळा होतो. पांढरेपणा दिसतो तो अशा असंख्य गोळ्यांचा. म्हणजे पॉलिमर बिचारं तेच राहतं. निर्णय पाणी घेतं! मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

आता अशा पदार्थात औषध भरलं तर? तापला की आक्रसेल, आणि पिळलेल्या स्पंजासारखं औषध बाहेर टाकेल. पण जाड गोळ्याच्या पोटातलं पाणी बाहेर यायला फार वेळ लागतो. हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: दहापट जाडी, शंभरपट वेळ. म्हणून धागा हवा, आणि तोही केसापेक्षा शेकडो पट बारीक.

असा धागा काढायचा कसा? जत्रेतले ‘म्हातारीचे केस’ फिरत्या भांड्यातून उडतात. इथे ते काम वीज करते. पॉलिमरचं द्रावण सुईतून थेंबाथेंबानं येतं आणि सुईला हजारो व्होल्टचा दाब दिलेला असतो. विद्युतभारानं थेंब ताणला जाऊन त्याचा टोकदार शंकू होतो. जेफ्री टेलर यांनी १९६४ साली त्याचं गणित मांडलं, म्हणून तो ‘टेलर शंकू’. शंकूच्या टोकातून सुटलेली धार चाबकासारखी फटकारे मारत बारीक होत जाते, वाटेतच द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर नुसतं पांढरं जाळं साचतं.

एवढं करून ते जाळं गार पाण्यात टाकलं तर? विरघळून जाईल! जपानमधल्या त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत मित्सुहिरो एबारा आणि सहकाऱ्यांनी यावर सुरेख तोड काढली. साखळीत त्यांनी आणखी एक घटक गुंफला. धागे कातून झाल्यावर ते तापवले, की हा घटक साखळ्यांना आपापसांत गाठी मारतो. मग धागा फुगतो, आक्रसतो, पण विरघळत नाही. शिवाय या पाणीप्रेमी घटकाचं प्रमाण बदलून ३२ अंशांची ती वेस शरीराच्या तापमानाच्या वर सरकवता येते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी धाग्यात डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध आणि लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय नॅनोकण भरले. बाहेरून उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र लावलं की कण तापतात, धागा आक्रसतो, औषध बाहेर. क्षेत्र बंद केलं की धागा पुन्हा पाणी पितो आणि औषध थांबतं. उष्णता आणि औषध यांच्या दुहेरी माऱ्यानं, अवघी ५ मिनिटं क्षेत्र लावून, मानवी त्वचाकर्करोगाच्या सुमारे ७० टक्के पेशी मेल्या.

या पेशी काचपात्रातल्या होत्या, रुग्णाच्या शरीरातल्या नव्हेत. पीनिपॅमचं शरीरात सहज विघटन होत नाही, हीदेखील मोठी अडचण आहे.

पण हेच पॉलिमर दुसऱ्या वाटेनं माणसाच्या कामी आलंय. तोक्योच्या तेरुओ ओकानो यांनी पेशी वाढवायच्या बशीवर पीनिपॅमचा अतिपातळ थर चढवला. ३७ अंशांवर पेशी त्याला चिकटून वाढतात. बशी २० अंशांपर्यंत गार केली, की थर पाणी पिऊन फुगतो आणि पेशींचा अख्खा पापुद्रा, न फाटता, अलगद सुटतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात जपानमधल्या ४ रुग्णांच्या तोंडाच्या अस्तरातल्या पेशींपासून असे पापुद्रे वाढवून त्यांच्याच डोळ्यांवर, टाका न घालता, बसवले गेले. चौघांचीही दृष्टी सुधारली.