शेवटचा नळ आणि बीपीची गोळी

कसारा लोकलमध्ये परवा शेजारच्या मावशींनी उंबरमाळी यायच्या आत चप्पल काढून पाय दाखवला. घोट्याच्या वर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. "बीपीची गोळी लागली अन् पाय सुजले. शुगरपण आहे मला. रक्तच उतरत नसंल खाली. दिली सोडून गोळी."

गोळी होती अ‍ॅम्लोडिपिन, सरकारी दवाखान्यात सर्रास मिळणारी. होतं ते मावशींच्या समजुतीच्या नेमकं उलटं. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, त्यामुळे पायात रक्त यायला आडकाठी होत नाही. परत नेणाऱ्या शिरा मात्र तेवढ्या सैल होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी आजूबाजूला झिरपतं. दिवसभर उभं राहिलं की घोटा फुगतो, रात्री आडवं झालं की ओसरतो. लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. डॉक्टरांनी डोस कमी केला किंवा शिराही सैल करणारी टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडली, तर बहुधा उतरते. हृदय किंवा मूत्रपिंड बिघडल्यानेही पाय सुजतात, म्हणून दाखवायला हवंच. एकच पाय सुजून लाल, गरम झाला, तर त्याच दिवशी.

मग मधुमेह्याच्या पायाचं रक्त अडतं कुठे? शहापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. भातसा-तानसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि इथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाऊल हा शरीराचा शेवटचा नळ. साखर, तंबाखू, चरबी आणि चढलेलं बीपी मिळून गुडघ्याखालच्या धमन्या आतून अरुंद करतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. बीपी चढं ठेवून तो भरून निघत नाही, नळी तेवढी आणखी खराब होते.

अटेनोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या अशा पायांना द्यायला तर पूर्वी डॉक्टरही बिचकत. या गोळ्यांनी हातपाय गार पडतात हे खरं. पण १९९१ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा पायाच्या धमन्यांचा सौम्य-मध्यम त्रास असणाऱ्यांचं चालणं या गोळ्यांनी घटलेलं दिसलं नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल १९९८ मध्ये आला: बीपी काटेकोर ठेवलेल्या मधुमेह्यांत पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले.

रक्त पोचतं का, हे मोजताही येतं. घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागायचं, उत्तर ०.९ च्या खाली आलं तर धमनी अरुंद. मधुमेह्यात धमन्या चुन्याने कडक होतात आणि आकडा फसवा, १.४ च्याही वर येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचं बीपी घेतात. पण सुरुवात पावलावरची नाडी चाचपण्यापासून होते, त्याला यंत्र लागत नाही. आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला आवणीच्या चिखलातला काटा कळत नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल, तेव्हा डॉक्टरांसमोर चपला काढा.