मूत्रपिंड निकामी होणे : अचानक आणि हळूहळू

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक द्रव रक्तात परततो आणि लघवी जेमतेम दीड-दोन लिटर होते. ही गाळणी अडली की युरिया, क्रिएटिनीन आणि पोटॅशियम रक्तात साचत जातात.

तीव्र प्रकारात हे काही तासांत किंवा दिवसांत घडते. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या भातशेतीत याची दोन कारणे विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले लेप्टोस्पायरोसिस: उंदरांच्या मुतातले जंतू पावसाळी चिखलातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. दुसरे घोणसाचा दंश. जुलाब-उलट्यांनी पाणी आटणे आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हीसुद्धा कारणे आहेतच. ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे आणि कमी झालेली लघवी दिसली, तर एक दिवसही थांबू नये. वेळेत उपचार मिळाल्यास मूत्रपिंड बहुतेकदा पूर्ववत होते. डायलिसिस लागले तरी ते तात्पुरते असू शकते.

जुनाट प्रकार तीन महिन्यांहून अधिक टिकतो आणि गेलेले कार्य सहसा परतत नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची मुख्य कारणे. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात मात्र हे दोन्ही नसलेल्या माणसांतही हा आजार आढळला; तिथल्या भूजलातील सिलिकावर संशोधकांचा संशय आहे. सुरुवातीला काहीच दुखत नाही, हाच यातला खरा धोका. क्रिएटिनीन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन स्वस्त चाचण्या हा आजार आधीच दाखवतात. गाळण्याचा वेग मिनिटाला 15 मिलिलिटरच्या खाली गेला की कायमचे डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा विचार करावा लागतो.